पावडरच्या पाण्याची बादली

दिवाळी अंकाच्या मंडळींनी दोनदा माणूस पाठवला. म्हणे, मिस्त्री, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या. आता कूलर आणि पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या आयुष्यात गमती कसल्या डोंबलाच्या? पंखा फिरत नव्हता, तो फिरायला लागला, संपलं. पण घरी बसून कंटाळा आलाय आणि बायको म्हणते, लिहा, म्हणजे माझं डोकं खायचं थांबेल. तेव्हा लिहितो. मात्र गमतीचं थोडंच आहे, ते आधी उरकून घेतो.

नगरात माझं दुकान होतं. दुकान म्हणजे एक फळी, एक स्टूल आणि मागं पत्र्यांचा ढीग. सत्तरच्या आसपास गावात कूलर बोटांवर मोजण्याइतके होते. वकील, डॉक्टर, कापडवाले, सिनेमा थेटरचे मालक, एवढेच. मी स्वतः पत्रा कापून, ठोकून कूलर बनवायचो आणि खाली चार चाकं लावायचो. माळ्यावरच्या लाकडी खेळण्यांना असतात तशी नाही हं, चांगली लोखंडी. दिवसा बैठकीत, जेवताना माजघरात, असा तो घरभर ढकलत नेता यायचा. लोक त्याला कौतुकानं ‘चाकांचा कूलर’ म्हणायचे. नगरात तो माझ्याशिवाय कोणी करत नव्हतं, हे मी आजही छाती काढून सांगतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कूलर म्हणजे पत्र्याचं खोकं. त्याच्या तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, म्हणजे वाळ्याची मुळं पसरून बांधलेल्या चौकटी. तळाला पाण्याची टाकी. एक छोटा पंप पाणी वर चढवतो, ते ताट्यांवरून ठिबकत राहतं आणि पंखा त्या ओल्या ताट्यांतून हवा आत ओढून खोलीत फेकतो. एवढंच. पण जी वस्तू चार महिने ओली राहते तिला बुरशी धरणारच. आधी वास येतो, ओलं पोतं कोपऱ्यात पडल्यासारखा. मग ताटीवर काळे ठिपके, टाकीत हिरवं शेवाळ. पंखा बिचारा प्रामाणिक, तो हवेबरोबर बुरशीचा भुगाही घरभर वाटतो. माणूस शिंकतो, खोकतो आणि ऋतूला दोष देतो.

घरात लहान जीव असले की मात्र जपावं लागतं. हे मला एका पोपटानं शिकवलं. गावातल्या एका निवृत्त नर्सबाईंचा कूलर मी बंद खोलीत फिनेल ओतून धुतला, आणि पोपटाचा पिंजरा हाताच्या अंतरावर टांगलेला. पोपट मुका झाला. पिसं फुगवून, डोळे मिटून बसून राहिला. बाईंनी भांडण केलं नाही. रोज सकाळी मांडीवर पिंजरा घेऊन माझ्या दुकानासमोरच्या ओट्यावर येऊन बसायच्या, मला दिसेल अशा. चार दिवस मला चहा गोड लागला नाही. पाचव्या दिवशी पोपट बोलला. काय बोलला ते अंकात छापता येणार नाही, पण बाईंनी हात जोडले आणि मीही जोडले.

तेव्हापासून कानाला खडा. माझे नियम ठरले. कामाला हात लावायच्या आधी वायर भिंतीतून काढायची. पाखरं, ससे, मांजर, जे काही असेल ते दुसऱ्या खोलीत, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. कूलर अंगणात ढकलायचा. सुकी ताटी झटकायची नाही, आधी पाणी मारून भिजवायची, म्हणजे बुरशी उडत नाही. नाकाला ओलं फडकं. फिनेल नाही, डांबराच्या गोळ्या नाहीत, संडासचं ॲसिड तर नाहीच. पाण्यात ब्लीचिंग पावडर कालवायची, घासायचं, तीन पाण्यांनी धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं. मग नुसता पंखा दोन तास बाहेरच फिरवायचा आणि वास पूर्ण गेला की जनावरं परत आणायची. ॲसिड आणि पावडर एकत्र आली की असा धूर निघतो की माणूसही गुदमरेल, पाखराचं काय घेऊन बसलात.

हे सगळं मला पाठ होतं. त्याचा मला गर्व होता. आणि गर्वाचं घर खाली, हे आता सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळायचं नाही. त्याच्या पुढचा उन्हाळा. जामखेडहून कार्ड आलं. जंगल खात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले एक साहेब तिथं राहायचे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना चाकांचा कूलर करून दिला होता. कार्डात लिहिलं होतं, कूलरला घाण वास येतो, मला दम्याची धाप वाढली आहे, पाखरंही मलूल आहेत, यावे.

एस.टी.नं कडा, आष्टी करत गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बायाबापड्या दुष्काळी कामावर खडी फोडत बसलेल्या. अशा दिवसांत कूलर साफ करायला चाललोय याची मलाच लाज वाटत होती. पिशवीत पावडरचा डबा आणि ब्रश होता, तो मी पायाखाली सरकवून ठेवला.

साहेबांचं घर मोठं नव्हतं. साहेब, त्यांची सून सुमनताई आणि मुलगा. मुलगा साखर कारखान्यावर नोकरीला, शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. सासूबाई वारलेल्या. साहेब उंच, कोरडे, मिशा पांढऱ्या, बोलणं कमी. जन्म जंगलात गेला, तेव्हा माणसांपेक्षा जनावरांशी जास्त बोलायचे. बैठकीत मुनियांचा एक पिंजरा, चिमणीएवढी सहा-सात पाखरं, आणि मागच्या ओसरीत जाळीच्या खोक्यात तीन पांढरे ससे. हे ससे म्हणजे साहेबांचा जीव. बाजारातून कोबीची टाकलेली पानं स्वतः उचलून आणायचे. एवढा मोठा अधिकारी, पण त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

कूलर उघडला आणि मी दोन पावलं मागं सरलो. ताट्या काळ्याकुट्ट. टाकीच्या तळाला करड्या रंगाची साय. हात घातला तर बुळबुळीत. असं का झालं ते लगेच कळलं. टँकर दोन दिवसांआड यायचा, माणशी दोन घागरी. तेव्हा घरात पाण्याचा प्रवास ठरलेला होता. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी झाडाला. आणि साहेबांच्या आंघोळीचं पाणी फडक्यातून गाळून कूलरला. साबणाचं पाणी. त्यात बुरशी धरणार नाही तर काय मोगरा फुलणार? मी साहेबांना म्हटलं, यापेक्षा कूलर बंद ठेवा. ते म्हणाले, दुपारी पाखरं चोची उघडून बसतात, बघवत नाही. शेजारीपाजारी कूलरवरून कुजबुजतात म्हणून चांगलं पाणी घालायचं धाडस होत नाही.

मग मी कामाला लागलो. पिंजरा आतल्या खोलीत, ससे पार पुढच्या अंगणातल्या सावलीला, कूलर मागं परसात. ताट्या भिजवून काढल्या, जुना वाळा गावाबाहेर नेऊन जाळला. मी मागितलं तेव्हा सुमनताईंनी दोन बादल्या पाणी आणून ठेवलं. बादली ठेवताना हात जरा जड झाला असेल. त्यातल्या एका बादलीत मी पावडरच्या दोन मुठी टाकल्या, कारण बुरशी तशीच होती. टाकी घासली, पंखा पुसला, पंप उघडून धुतला. दुसऱ्या बादलीनं स्वच्छ केलं. ऊन असं होतं की पत्रा पाच मिनिटांत कोरडा. नव्या ताट्या बसवल्या आणि बाहेर दोन तास पंखा फिरवला. साहेब पिंजऱ्यापाशी बसून पाखरांना काहीतरी सांगत होते.

पावडरची बादली मात्र तशीच उरली. साधी वेळ असती तर मी ती गटारात ओतली असती. पण त्या उन्हाळ्यात पाणी फेकणं म्हणजे भाकरी फेकणं. संडास धुवायला कामी येईल म्हणून मी ती मोरीच्या कडेला ठेवली. गाळ खाली बसला, वरचं पाणी नितळ दिसायला लागलं.

आता इथं घोडं पेंड खातं. त्या काळी आमच्यासारखा मिस्त्री परक्या घरात गेला की घरच्या कर्त्या माणसाशी बोलायचा. सून डोक्यावरून पदर घेऊन दारामागं उभी असायची. तिच्याशी थेट बोलणं बरं दिसत नसे. पाणी लागलं तरी ‘जरा पाणी मिळेल का’ असं हवेत बोलायचं, आणि पाणी यायचं. तसं मी साहेबांना म्हटलं, “ही बादली फक्त संडासाला वापरायची, दुसरीकडं कुठं नाही.” साहेबांनी मान हलवली. त्यांच्या बोटावर एक मुनिया बसली होती, तिच्या पंखाखाली ते बघत होते. नगरच्या एस.टी.ची वेळ झाली होती. मी चहा घेतला आणि निघालो. घरात पाण्याचा सगळा कारभार जिच्या हातात होता, तिला मी एक अक्षर सांगितलं नाही.

आठवड्यानं दुसरं कार्ड. त्यात दोनच ओळी होत्या. कूलरच्या हवेने तिन्ही ससे मेले. ताबडतोब या.

ते कार्ड मी दोनदा वाचलं. सशांचं वाईट वाटलं म्हणालो तर खोटं होईल, आधी धंद्याचं वाटलं. चाकांचा कूलर जनावरं मारतो अशी बोलवा झाली तर नगरात मला कोण उभं करणार? दुसऱ्याच दिवशी जामखेड गाठलं.

साहेबांनी या-बसा केलं नाही. कूलर झाकून ठेवला होता. मी उघडला, हुंगला, टाकीत बोट फिरवून जिभेला लावलं. स्वच्छ होता. मुनिया तर उड्या मारत होत्या, आणि त्या कूलरच्या समोरच. ससे मागच्या ओसरीत, तिथं कूलरची हवा जातच नव्हती. मग मी विचारलं, सशांनी काय खाल्लं, काय प्यायलं? पाखरांची वाटी साहेब स्वतः आपल्या पिण्याच्या मडक्यातून भरायचे. सशांचं पाणी सुमनताई बघायच्या.

त्या दारातच होत्या. साहेबांनी विचारलं आणि त्यांनी सरळ सांगितलं, काही लपवलं नाही. मोरीपाशी बादली भरलेली होती. ससे तहानलेले. बादलीला पावडरचा वास येत होता, तसा तो टँकरच्या पाण्यालाही यायचा. त्या वर्षी सरकारी माणसं प्रत्येक विहिरीत, प्रत्येक टँकरमध्ये पावडर टाकत होती, आणि ज्या पाण्याला पावडरचा वास ते पाणी चांगलं, असं गावोगाव सांगितलेलं होतं. सुमनताईंनी थोडं साधं पाणी मिसळून ते सशांच्या थाळीत ओतलं. पहिला ससा दुसऱ्या सकाळी गेला, उरलेले दोन दोन दिवसांत.

“दोन तास रांगेत उभी ऱ्हाऊन आणलेलं पानी हुतं ते,” त्या म्हणाल्या. “मला फेकवंना. वास आला पावडरचा म्हनून चांगलं समजले.”

साहेबांचा चेहरा लाल झाला. धाप लागली. त्यांनी आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मुक्या जिवांना विष पाजलंस. आजपासून तुझ्या हातचं पाणी मला चालणार नाही.

मी तिथंच उभा होतो. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं की साहेब, बादलीचं मी तुम्हाला सांगितलं होतं. पण गिऱ्हाईकाला त्याच्या घरात, त्याच्या सुनेसमोर असं कसं सांगायचं? आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटत होतं. कूलर निर्दोष ठरला होता. मिठाची गुळणी धरून बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी त्याच्याही पुढं गेलो. साहेबांना धीर द्यावा म्हणून म्हणालो, “जाऊ द्या साहेब. बायामाणसांना यातलं काय कळतंय.”

सुमनताईंनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मग त्या आत गेल्या.

एस.टी.त बसल्यावर ते वाक्य मला टोचायला लागलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर मी पुरवलेला. मी स्वतःची समजूत काढली की म्हाताऱ्याचा राग आहे, चार दिवसांत निवळेल. दम्याचा माणूस स्वतः उठून पाणी किती दिवस घेणार? घरी बायकोला सगळं सांगितलं. तिनं पोळ्या लाटता लाटता ऐकलं आणि विचारलं, तुम्ही तिला का नाही सांगितलं? मी म्हटलं, अगं, परक्याची सून. ती म्हणाली, तिच्या हातचं पाणी घेतलंत ना दोन बादल्या? त्यावर मी विषय बदलला.

पाऊस पडायच्या आधी कूलर बंद करून द्यायचा, ही आमच्या धंद्यातली शेवटची फेरी. टाकी रिकामी करायची, ताट्या वाळवून काढायच्या, पंपाला तेल, वरून पोतं. ते नाही केलं तर पुढच्या हंगामाला बुरशी हमखास. दीड महिन्यानं त्या कामाला मी जामखेडला गेलो. खरं तर साहेबांनी बोलावलं नव्हतं. मीच गेलो.

बैठकीत साहेबांच्या खाटेजवळ एक वेगळं मडकं दिसलं. त्यावर वेगळं झाकण, वेगळा पेला. ते मडकं भरायला त्यांनी पैसे देऊन एक पाणक्या लावला होता. सून रोज टँकरच्या रांगेत उभी राहून घर भरायची, आणि सासरा दुसऱ्याकडून पाणी विकत घ्यायचा. मी काम करत होतो तेवढ्यात साहेबांना खोकल्याची उबळ आली. दाराशी सुमनताई होत्या. त्यांचा हात पुढं झाला आणि तिथंच थांबला. साहेब खाटेला धरून उठले, लटपटत मडक्यापाशी गेले, निम्मं पाणी सांडलं. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही. मला वाटलं, हे रोज असंच चालत असणार.

मग साहेब मला म्हणाले, सोमवारी सुनेचा भाऊ येतोय. काही महिने माहेरी राहू दे. मुलालाही तसं सांगितलंय. मी विचारलं, माहेर कुठं? कर्जतकडं, म्हणाले. ते कसं माहेर होतं हे मला ठाऊक होतं. त्या पट्ट्यातली घरंच्या घरं त्या वर्षी खडी फोडायला गेली होती आणि सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढत होती. तिथं आणखी एक तोंड जाणार, तेही सासरहून परत पाठवलेलं. लोक काय काय बोलले असते! आणि चार महिन्यांचं चार वर्षं व्हायला किती वेळ लागतो, हे सांगायला माझ्यासारखा मिस्त्री नको.

माझ्या हातात पंप होता. मी तो खाली ठेवला. हाताला तेल लागलेलं होतं ते पोत्याला पुसलं. अजून पुसत राहावं असं वाटत होतं.

“साहेब,” मी म्हटलं, “बादलीचं मी त्या दिवशी तुम्हाला सांगितलं होतं. संडासालाच वापरायची म्हणून. सांगायला पाहिजे होतं ताईंना. मी सांगितलं नाही. आणि नंतर तोंड असून गप्प बसलो. चूक ताईंची नाही.”

मला वाटलं होतं ते भडकतील, मला घराबाहेर काढतील. मी तयारही होतो. साहेब मुनियांच्या पिंजऱ्याकडं वळले.

“आठवतंय मला,” ते म्हणाले.

मी मूर्खासारखं विचारलं, केव्हापासून?

“ससे मेल्यावर तुम्ही येऊन गेलात, त्याच दिवशी आठवलं. पाखराच्या पंखाखाली किडा झालाय का ते मी बघत होतो. तुम्ही बोललात, मी मान हलवली. सगळं आठवलं.”

“मग?”

“मग काय, मिस्त्री? एकदा बोलून बसलो होतो. आणि तुम्ही म्हणाला होतात, बायामाणसांना काय कळतंय. मला ते सोयीचं पडलं.”

तीस-पस्तीस वर्षं मी कूलर दुरुस्त केले. लोकांनी मला शिव्या दिल्या, पैसे बुडवले, एकानं माझ्या अंगावर पंखा फेकला. पण त्या वाक्याइतकं मला कोणी मारलं नाही. मला वाटत होतं, मी फक्त गप्प बसलो. तसं नव्हतं. म्हाताऱ्याला लपायला जागा हवी होती आणि ती मी बांधून दिली होती.

सुमनताई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रडतील असं मला वाटलं. रडल्या नाहीत. साहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मला वाटतं दीड महिन्यात पहिल्यांदाच. माफी मागायची सवय नसलेला माणूस, शिकणार कधी? शेवटी त्यांनी खाटेवरचा रिकामा पेला उचलला आणि सुनेपुढं धरला.

“सूनबाई, पाणी,” ते म्हणाले.

सुमनताईंनी पेला घेतला. मला वाटलं आता आत जातील. गेल्या नाहीत. पेला हातात धरून त्या माझ्याकडं वळल्या. डोक्यावरचा पदर तसाच होता, पण त्या दारामागून बोलल्या नाहीत, बैठकीत पुढं येऊन उभ्या राहिल्या.

“मिस्त्री, त्या बादलीचं काय करायचं हुतं ते आता मला सांगा. त्यांना नको. मला.”

साहेब मान खाली घालून बसले होते. मी उभा राहिलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो. पावडरीचं पाणी कुठं टाकायचं, ते कशात मिसळायचं नाही, भांडं नंतर कितीदा विसळायचं, लहान जनावर घरात असलं तर ते किती वेळ लांब ठेवायचं. मी त्यांच्याकडं बघून बोलत होतो. त्यांनी मधेच थांबवून दोन गोष्टी विचारल्या. त्यातल्या एकीचं उत्तर मला येत नव्हतं, ते मी तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग त्या आत गेल्या आणि आपल्या घागरीतलं पाणी घेऊन आल्या. साहेबांनी पेला दोन्ही हातांनी धरला. सगळं पाणी प्यायले, थेंबही सांडला नाही.